फिलूमावशी जाहिरातींशी भांडायची

फिलूमावशीला कुणी चांगली बाई म्हणलं की मला राग येतो. चांगली नव्हती ती. फटकळ होती, खेकसायची, चारचौघात लाज काढायची. आणि ती चांगली असती, गोड बोलली असती, तर माझं लेकरू आज नसतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मला नीट दम घेऊन पुढचं सांगता येईल.

आमचं हे परदेशातलं गाव किचनर शहरापासून तासभर लांब. एक मोठा रस्ता, दोन चर्च, एक लायब्ररी, संपलं. आमचे हे इथल्या हॉटेलात कुक, सकाळी जातात ते सगळं आवरूनच येतात. आम्ही राहतो बेसमेंटमध्ये. वर घरमालकीण, इंदूरकडची, आपल्यातलीच म्हणायची, पण आदू रडला की झाडूच्या दांड्यानं वरनं ठोकायची. ठक ठक ठक. मग फोनवर मेसेज, बच्चा बहुत रोता है, कुछ करो. काय करू? पाच महिन्यांचं लेकरू, रडणारच. पण मी घाबरायची. बर्फात घर सोडायला लावलं तर कुठं जायचं? मी नववी नापास, इंग्लिश म्हणजे सॉरी आणि थँक्यू. म्हणून रोज हे गेले की आदूला गुंडाळायचं आणि लायब्ररीत जाऊन बसायचं. तिथं हीटर असतो आणि कुणी हाकलत नाही.

एक दिवस आदूनं तिथंच भोकाड पसरलं. सगळ्या माना वळल्या. मी गप रे राजा, गप रे राजा करत करत त्याच्या तोंडावर हात दाबला. हो, दाबला. खोटं कशाला बोलू. तेवढ्यात कोपऱ्यातल्या मशीनपाशी बसलेली एक म्हातारी उठली, पुरुषाचे मोठे बूट घातलेले, ते आपटत आली, आणि मराठीत म्हणाली,

"हात काढ गो आधी."

मी म्हणलं, सगळे बघतायत.

"बघू दे. रडतंय ना? म्हणजे आहे."

आणि तशीच मागं जाऊन बसली. नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. परदेशात आपलं माणूस भेटलं की लोकं कशी मिठ्या मारतात, चहा पाजतात. हिनं काही नाही. मला इतका राग आला, आणि इतकं बरं वाटलं, दोन्ही एकदम.

ती वसईची. फिलोमिना. गळ्यात बारीक क्रॉस, अंगात करड्या रंगाचं स्वेटर, आणि स्वेटरच्या बटनाला दोऱ्यानं बांधलेली पेन्सिल. बारा वाजले की कागदात गुंडाळलेलं उकडलेलं अंडं घेऊन बाहेर थंडीत उभी राहून खायची, कारण आत खाऊ नका असं लिहिलंय. नियम पाळायची, पण पाळताना शिव्या द्यायची. ह्या देशात ती आली होती लोकांची मुलं सांभाळायला. स्वतःची दोन वसईला आईपाशी ठेवून इथं परक्यांच्या घरात राहिली. वीस वर्षं ढुंगणं पुसली, असं तीच म्हणायची. मग आपली मुलं आणली, ती मोठी होऊन ब्रॅम्प्टनला गेली, ही इथंच राहिली, एका खोलीत. का, तर म्हणे तिथं सगळे मला बस बस म्हणतात, मला बसायचं नाही.

लायब्ररीत ती काय करायची ते मला महिनाभर कळलंच नाही. गावात पूर्वी एक पेपर निघायचा, दीडशे वर्षांपूर्वी वगैरे. त्याची पानं सगळी फिल्मवर घेऊन ठेवलेली. त्या मशीनवर फिल्मचं रीळ लावायचं, पान उजेडात दिसतं. गावची हेरिटेज सोसायटी म्हणून आहे, म्हाताऱ्या गोऱ्या लोकांची, त्यांना त्या पेपराची यादी करून पाहिजे होती, कुठल्या पानावर काय. फुकटचं काम. लोकांनी वाटून घेतलं. फिलूमावशी म्हणायची, खून आणि मेयर सगळ्यांनी उचलले, जाहिराती कुणाला नको होत्या, त्या माझ्याकडं टाकल्या. पण तिला त्याच आवडायच्या. आवडायच्या म्हणजे ती त्यांच्याशी भांडायची.

भांडायची म्हणजे खरंच भांडायची, मशीनसमोर बसून, मोठ्यानं. एक दातांचा डॉक्टर होता, त्याची दर आठवड्याला जाहिरात, आमच्याकडं दात काढताना दुखत नाही. ती त्याला खोटारड्या म्हणायची. सात आठवड्यांचे अंक झाले, प्रत्येक अंकाला म्हणाली. मग एक दिवस मला हाक मारून बोलावलं, चेहरा नुसता फुललेला. आठव्या अंकात त्याचीच छोटी जाहिरात होती, डॉक्टर गाव सोडून जात आहेत, खुर्ची विकणे आहे. "पळाला गो," ती म्हणाली. "मार खाल्ला असणार." दिवसभर खुशीत होती, जसा काय तिनंच त्याला हाकलला.

मी जवळ बसायला लागले. ती वाचायची आणि मराठीत सांगायची, मी आदूला मांडीवर हलवत ऐकायची. शेगड्या, घोड्याची नाल, बर्फाच्या लाद्या, केस उगवायचं तेल, बायकांचं कंबर आवळायचं कापड, लिव्हरच्या गोळ्या. एक सुतार होता, त्याची जाहिरात अशी की आमच्याकडं पाळणे, पलंग, टेबलं मिळतील, आणि खालच्या ओळीत शवपेट्या, तातडीनं करून मिळतील. मी दचकले. ती म्हणाली, दचकतेस काय, लाकूड तेच आणि रंधा तोच. मग त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, ह्या माणसानं निदान खोटं लिहिलं नाही.

एका जाहिरातीवर मात्र तिनं मशीनच्या टेबलावर हात आपटला. पाहिजे, घरकामाला मुलगी, स्वच्छ, शांत. म्हणाली, माझ्या एजन्सीच्या फॉर्मवर हेच होतं, हेच दोन शब्द. दात काढला तरी शांत, मुलगी पाहिजे ती शांत, मूल पाहिजे ते शांत. सगळ्या गावाला काय मेलं शांत पाहिजे?

मूल शांत, ही जाहिरात तिनं मला त्याच आठवड्यात दाखवली. कुणा नर्सबाईच्या नावाचं सिरप. चित्र होतं, आई खुर्चीत डोळे मिटून बसलीय, मांडीवर गुटगुटीत बाळ झोपलंय. तिनं वाचलं, थकलेल्या मातांनो, विसावा घ्या, काही थेंबांत रडवं मूल शांत, दुधासारखं निर्धोक. म्हणाली, अफू होती गो त्यात. बाटलीवर लिहायची सक्ती नव्हती तेव्हा. मग रीळ फिरवून शेवटचं पान काढलं, तिथं कोण वारलं ते बारीक अक्षरात. अमक्याचा मुलगा, वय सात महिने. तमक्याची मुलगी, वय एक वर्ष. ह्यासाठी तिनं वेगळी वही केली होती, सोसायटीनं सांगितलेली नव्हती ती. डाव्या पानावर सिरपची जाहिरात कुठल्या आठवड्यात आली, उजव्या पानावर त्या आठवड्यात किती लेकरं गेली. सगळी त्यानंच गेली असं नाही, मी तसं म्हणत नाही, ती म्हणायची, पण शेजारी शेजारी लिहायला माझ्या बापाचं काय जातं?

मला वाटलं हिचंही कुणीतरी गेलं असणार. एवढा राग उगाच येतो होय? विचारलं एकदा धीर करून.

"माझी दोन्ही धडधाकट आहेत. एक इन्शुरन्स विकतो, एक नवऱ्याला पिडते," ती म्हणाली. "स्वतःचं घर जळल्याशिवाय ओरडायचं नाही काय?"

आता खरं सांगते. ती जाहिरात ती वाचत होती, चिडत होती, आणि मी मान हलवत होते, पण मनात माझ्या काय चाललं होतं? मनात चाललं होतं, त्या बायकांना झोप तरी मिळत असेल. त्या चित्रातल्या बाईचे मिटलेले डोळे मला घरी जाऊनही दिसत राहिले.

मग दात यायला लागले आदूला. आठ दिवस नुसतं रडणं. वरनं ठक ठक. ह्यांनी मला म्हणलं, तुला एक लेकरू सांभाळता येत नाही? घरमालकिणीनं ह्यांना गाठून सांगितलं की दुसरी जागा बघा. ह्यांनी तो राग माझ्यावर काढला, मी कुणावर काढणार?

फोनवर आपल्या मराठी आयांचा एक ग्रुप होता. त्यात टोरोंटोकडची एक बाई गुटी विकायची. आजीच्या हातची गुटी, शुद्ध आयुर्वेदिक, दमलेल्या आयांनो आता निवांत झोपा, दोन थेंबांत बाळ शांत, आईच्या दुधाइतकी सेफ. खाली पन्नास बायकांची हात जोडलेली चित्रं. गुटी म्हणल्यावर मला शंका कशाला येईल? आमच्याकडं लातूरला सहाणेवर उगाळून देतातच लेकराला, वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ. माझी आज्जी सांगायची, पूर्वी बायका शेतावर जाताना लेकराच्या तोंडात राईएवढी काळी गोळी घालायच्या, लेकरू झोळीत दिवसभर झोपायचं, बाई दिवसभर खुरपायची. मलापण घातली होती म्हणे, काय झालं मला? बाटली पोस्टानं आली. वास कडू आला, ओळखीचा वाटला, डोळ्यात पाणी आलं माझ्या. एवढ्या लांब कुणीतरी आपल्या घरचं पाठवलंय असं वाटलं.

सकाळी दोन थेंब दिले. थोडा कुरकुरला, अजून दोन दिले. झोपला.

मी अंघोळ केली. केस धुतले. भाकरी केली, गरम खाल्ली, बसून खाल्ली. वरनं ठोकणं नाही. घर कसं शांत. मग त्याला तसंच झोपेत स्नोसूटमध्ये घातलं आणि लायब्ररीत गेले. का गेले सांगू? फिलूमावशीला दाखवायला. बघ, माझं लेकरू किती शहाणं झालंय.

तिनं बघितलं. हसली नाही. चष्मा कपाळावर सरकवला, स्नोसूटची चेन खाली ओढली, छातीवर हात ठेवला. गालावर टिचकी मारली. तळपायाला चिमटा काढला, मला दिसलं, चांगला जोरात काढला. तो हलला नाही.

"काय दिलंस?"

मी म्हणलं, काही नाही.

पापणी वर करून बघितली तिनं, आणि त्या शांत लायब्ररीत, जिथं लोकं खोकतानाही रुमाल धरतात, तिथं ती ओरडली, अँब्युलन्स, कॉल, नाऊ. असं ओरडली की काउंटरवरच्या मुलीच्या हातातलं पुस्तक पडलं. मग आदूला उचलून त्याच्या कानाशी ओरडत राहिली, उठ रे, रड, रड मेल्या, रड. मी नुसती उभी. 

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरीण विचारत होती, काय दिलं, काय खाल्लं. मला तेवढं इंग्लिश कळत होतं. मी मान हलवत होते, नथिंग, नथिंग. कारण मी ऐकलेलं होतं, इथं लेकराला काही झालं तर सरकारचे लोक येतात आणि लेकरू काढून नेतात. बाटली माझ्या कोटाच्या खिशात होती, मी मुठीत घट्ट धरलेली. तिकडं त्याला नळ्या लावत होते आणि मी इकडं बाटली लपवत होते. आई आहे मी. माझी मलाच चीड येते अजून.

फिलूमावशी माझ्यासमोर उभी राहिली. मला वाटलं थोबाडीत देणार. दिली नाही.

"मला वहीत लिहायला लावू नको," ती म्हणाली. एवढंच. हळू आवाजात. ती हळू बोललेली मी तेव्हाच ऐकली.

मी मूठ उघडली.

बाटली मिळाल्यावर सगळ्यांची धावपळ झाली, त्यातपण अफूच निघाली. कसलंसं इंजेक्शन दिलं, नंतर अजून एक दिलं. मी भिंतीला टेकून खाली बसले. आणि मग पडद्याच्या आतनं आवाज आला, आधी मांजरासारखा, मग मोठा, मग असा की त्या दोन्ही चर्चच्या घंटांनी लाजावं. फिलूमावशी बाकावर बसली, बूट काढले, पाय चोळत म्हणाली, रडतंय ना, म्हणजे आहे. आणि मग मला जे काही बोलली ते इथं लिहिता येणार नाही. अर्धा तास बोलली. सगळं बरोबर होतं.

मुलांची काळजी बघणाऱ्या सरकारी ऑफिसची बाई आलीच घरी, दोनदा आली. दोन्ही वेळा फिलूमावशी आधीच येऊन खुर्चीत बसलेली. माझं बोलणं तिनं इंग्लिशमध्ये सांगितलं, काही लपवलं नाही, मला वाटलं थोडं तरी झाकेल, पण नाही, चार थेंबांचे चार थेंबच सांगितले. वरनं ठक ठक झालं तेव्हा त्या बाईला म्हणाली, हेपण लिहून घ्या. बाईनं लिहून घेतलं. त्यानंतर ठोकणं बंद झालं. लेकरू माझ्याकडंच राहिलं. त्या गुटीवाल्या बाईबद्दल मी ग्रुपवर लिहिलं, माझ्या मोडक्या भाषेत, सगळं लिहिलं. पाच मिनिटांत मला ग्रुपमधनं काढून टाकलं. ती बाई आतमध्येच आहे अजून, मला दुसऱ्या एकीनं सांगितलं. नाव बदललंय फक्त बाटलीचं.

हे मी फिलूमावशीला सांगितलं. तिनं पेन्सिल ओढून घेतली, दोरा तुटला. म्हणाली, ती जाहिरात आहे का अजून फोनमध्ये? होती. ती तिनं इंग्लिशमध्ये उतरवून घेतली, एकेक शब्द विचारून.

त्याच सुमारास सोसायटीनं त्या जुन्या जाहिरातींचं प्रदर्शन ठरवलं. म्युझियम म्हणजे जुन्या पोस्टाची एक मोठी खोली. सोसायटीची मुख्य डॉना म्हणून एक बाई, सारखी हसणारी, फिलूमावशीला फिल म्हणायची. जाहिरातींची सगळी यादी हिनं केलेली, तीन हिवाळे बसून, आणि मांडणी डॉनाची. जाहिराती मोठ्या करून भिंतीला, आणि विकायला कप, टॉवेल. आणि लाळेरी. बाळाच्या गळ्यात बांधायची लाळेरी, त्यावर ते चित्र छापलेलं, झोपलेलं बाळ, मिटलेल्या डोळ्यांची आई, दुधासारखं निर्धोक. किती क्यूट ना, डॉना म्हणाली म्हणे.

फिलूमावशीनं एक कार्ड टाइप केलं. वर सिरपची जाहिरात, खाली ह्या वर्षीची गुटीची जाहिरात, आणि त्याखाली वहीतली नावं, वयं, महिन्यांत. भिंतीवर त्या चित्राच्या खाली लावलं. डॉनानं काढलं. हिनं परत लावलं. तिनं परत काढलं आणि म्हणाली, फिल, लोक इथं आनंदासाठी येतात. हिनं काय उत्तर दिलं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी हिला सांगण्यात आलं की तुमच्या मदतीची आता गरज नाही. मशीनची चावीपण परत घेतली. तीन हिवाळे. फुकट.

मला तिनं एकच मागितलं होतं. त्या कार्डाखाली तुझं नाव टाकू का, म्हणाली, जिवंत माणसाचं नाव असलं तर त्यांना काढता येणार नाही. मी नाही म्हणलं. ह्यांच्या इथं राहायच्या परमिटचं काम चाललेलं, ऑफिसची फाइल नुकती बंद झालेली, मी घाबरले. ती म्हणाली, बरं. रागावलीपण नाही. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी गेले. आदू दहा महिन्यांचा, कडेवर. बाहेर फुटपाथवर फिलूमावशी उभी, तेच बूट, पायाखाली वितळलेला काळा बर्फ, हातात त्या कार्डाच्या झेरॉक्स. येणाऱ्या प्रत्येकाला देत होती. आत यायला तिला कुणी मनाई केली नव्हती, ती म्हणाली तिकीट काढून माझ्याच जाहिराती कशाला बघू. मला झेरॉक्स दिली नाही. तुला कशाला, म्हणाली, तू जा.

आत गर्दी, कॉफी, हळू आवाजात बोलणं. डॉना टेबलामागं. आदूला बघून तिनं गाल एवढे फुगवले, किती गुणी, किती शांत बाळ आहे म्हणाली, आणि एक लाळेरं उचलून सरळ त्याच्या गळ्यात बांधायला लागली. गिफ्ट. मी नेहमीसारखी थँक्यू म्हणणार होते. तोंड उघडलंच होतं. पण आदूला नवीन माणसाचा हात मानेला लागला आणि त्यानं सुरू केलं. तेच भोकाड. सगळ्या माना वळल्या. डॉना शू शू शू करत त्याच्या ओठांवर बोट ठेवायला लागली.

मी तिचा हात धरून बाजूला केला. लाळेरं काढलं, टेबलावर ठेवलं. "लेट हिम क्राय," मी म्हणलं. "धिस ॲड. आय गिव्ह हिम. हि ऑलमोस्ट डाय." कुठं कुठं चुकलं असेल, मला माहीत नाही.  आदू रडतच होता. मग मागनं एक म्हातारा पुढं आला, त्याच्या हातात फिलूमावशीचा कागद होता घडी घातलेला, त्यानं तो उघडला, आणि ते चित्र बघायला भिंतीपाशी गेला. त्याच्या मागं एक बाई गेली.

मी वळून काचेतनं बाहेर बघितलं. मला वाटलं ती ऐकत असेल, मला वाटलं ती बघत असेल माझ्याकडं. ती बघत नव्हती. एका मोठ्या कोटवाल्या माणसानं तिचा कागद घेऊन न वाचता बर्फात टाकला होता, आणि फिलूमावशी त्याच्यासमोर उभी राहून बोट खाली दाखवत होती. काय बोलत होती ते काचेतनं ऐकू येत नव्हतं, पण मला सगळं कळत होतं. तो माणूस वाकला. कागद उचलला, झटकला, खिशात घालायला गेला. तिनं मान हलवली, नाही.

पुढच्या आठवड्यात तिचा मुलगा येऊन तिला ब्रॅम्प्टनला घेऊन गेला, मला नंतर कळलं. मी शेवटची बघितली ती तिथंच, दोन्ही हात कमरेवर, त्या कोटवाल्याच्या पुढ्यातनं हलायला तयार नाही. आणि तो थंडीत उघड्या हातांनी कागद धरून वाचत होता.